हवाईसुंदरीची युनियन आणि आपल्या मुलींचं करिअर



"मी कोण होणार" हा निबंध वर्गात दिला की डॉक्टर, पोलीस, तलाठी ही उत्तरं ठरलेली असतात. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवं उत्तर आलंय: एअर होस्टेस. आपल्या चिखलीत विमान दिसतं ते फक्त आभाळात, तेही मान वर करून. जवळचं विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा. खामगाव-जालना रेल्वे चिखलीवरून जावी म्हणून कितीतरी वर्षं निवेदनं जाताहेत, पण अजून रूळ पडले नाहीत. अशा गावातली पोरगी रेल्वेची वाट न बघता थेट विमानाचं स्वप्न बघते, याचं मला कौतुकच वाटतं.

पालक भेटायला येतात तेव्हा त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. "मॅडम, पोरीले एअर होस्टेस व्हायचं म्हनते, कोणती अकॅडमी चांगली?" मग फी किती, उंची किती लागते, इंग्रजी कितपत हवं, चष्मा चालतो का. या प्रश्नांची उत्तरं जाहिरातीतच असतात. लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर या नोकरीचं काय होतं आणि चाळिशीनंतर ती काय करते, असं मात्र सहसा कोणी विचारत नाही. तिथे तिच्या बाजूने बोलायला कोणी आहे का, हा प्रश्न तर माझ्यासमोर एकाही पालकाने काढलेला नाही.

म्हणून आजचा विषय थोडा वेगळा घेतलाय: विमानातल्या कर्मचाऱ्यांची युनियन आणि तिचं राजकारण. माझं मत आधीच सांगून टाकते. अशा युनियनने राजकारण केलंच पाहिजे, आणि ते कशासाठी करावं लागतं हे आपण मुलींना शाळेतच समजावून सांगितलं पाहिजे. राजकारण म्हणजे पक्षाचा झेंडा घेऊन फिरणं एवढंच माझ्या मनात नाही. आपल्या कामाचे नियम जिथे ठरतात त्या मंत्रालयात, संसदेत जाऊन ते बदलायला लावणं, हेही राजकारणच.

आधी त्या शब्दाबद्दल दोन ओळी. आपण मराठीत सर्रास "हवाईसुंदरी" म्हणतो. एसटीत तिकीट काढणाऱ्या ताईंना आपण कधी "बससुंदरी" म्हटलंय का? विमानातल्या या बाईचं पहिलं काम चहा-नाश्ता देणं नाही, प्रवाशांचा जीव सांभाळणं आहे. नव्या विमानाला मंजुरी देताना अट असते की निम्मी दारं बंद आहेत असं धरूनही सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजेत. ती दारं उघडणारी, लोकांना ढकलून बाहेर काढणारी हीच माणसं. आपल्याकडे दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू असा नियम आहे, तो याचसाठी. नीरजा भनोत आपण मुलांना शिकवतो. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत अपहरण झालेल्या विमानात प्रवाशांना वाचवताना ती गेली, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला अशोकचक्र मिळालं. पण ज्या नोकरीत ती होती, त्या नोकरीतल्या आपल्या देशातल्या बायकांना तोवर काय काय सोसावं लागलं होतं, हे आपण शिकवत नाही.

ती गोष्ट मुंबईची आहे. एअर इंडिया तेव्हा सरकारी कंपनी. तिच्या नियमानुसार एअर होस्टेसची नोकरी तीन कारणांनी संपायची, आणि त्यातलं जे आधी घडेल ते लागू व्हायचं. वयाची ३५ वर्षं पूर्ण झाली की घरी. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं की घरी. आणि पहिल्यांदा दिवस गेले की घरी. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळायची, पण एकेका वर्षाची, जास्तीत जास्त ४५ पर्यंत, आणि तीही व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात जवळपास तेच काम करणारा पुरुष फ्लाइट पर्सर मात्र ५८ पर्यंत नोकरीत. मातृत्व लाभ कायदा देशात १९६१ पासून होता, हे इथे लक्षात घ्या. म्हणजे कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची रजा कायद्याने मिळत होती आणि सरकारच्याच विमानातल्या बाईला बाळंतपणापायी नोकरी गमवावी लागत होती.

युनियनने हा प्रश्न कोर्टाच्या कितीतरी आधी उचलला होता. १९६५ चा खोसला न्यायाधिकरणाचा निवाडा आणि १९७२ चा महेश न्यायाधिकरणाचा निवाडा, दोन्हीकडे हा वाद गेला. व्यवस्थापनाचं म्हणणं काय होतं? तऱ्हेतऱ्हेच्या स्वभावाचे प्रवासी असतात, त्यांना तरुण आणि आकर्षक मुलगी जास्त चांगली हाताळू शकते. दोन्ही वेळा नियम मूळ स्वरूपात जवळपास तसाच राहिला. "हवाईसुंदरी" या शब्दातला "सुंदरी" किती महाग पडला ते बघा.

पुढे नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात आलं आणि २८ ऑगस्ट १९८१ ला निकाल लागला. न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलेल्या या निकालात पहिल्या गरोदरपणात नोकरी काढून घेणारी अट रद्द झाली. ही अट क्रूर आणि भारतीय स्त्रीत्वाचा अपमान करणारी आहे, अशा अर्थाचे कडक शब्द न्यायालयाने वापरले. मर्जीवर मुदतवाढ देण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा मोकळा अधिकारही गेला. राज्यशास्त्राच्या तासाला कलम १४ शिकवताना मी हे उदाहरण घेते, मुलं एरवीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

पण निकाल पूर्ण वाचला तर आनंद थोडा आटतो. चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली. का? मुलगी तोपर्यंत परिपक्व होते आणि कुटुंब नियोजनालाही मदत होते. पुरुष पर्सर आणि एअर होस्टेस या वेगवेगळ्या श्रेणी आहेत, त्यामुळे दोघांचं निवृत्तीचं वय सारखंच असलं पाहिजे, हेही न्यायालयाने मानलं नाही. म्हणजे कोर्टात एवढी लढाई करून वयाच्या बाबतीत हाती आलं ते ४५, आणि पुरुषाला ५८.

मग ५८ कुठून आलं? दिल्लीतून, सरकारच्या लेखणीतून. एअर होस्टेसना मिळणाऱ्या वागणुकीचा विषय संसदेपर्यंत पोचला आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये केंद्र सरकारने १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्यातला आपला अधिकार वापरून एअर इंडियाला निर्देश दिला, की त्यांनाही ५८ पर्यंत नोकरीत ठेवा. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा वळणबिंदू हाच. न्यायाधीश समोरचा नियम घटनेत बसतो की नाही एवढंच बघतात. नियम बसतो, पण अन्यायाचा आहे, अशा वेळी कोर्ट हात वर करतं. तिथून पुढचा रस्ता खासदारांकडे, मंत्र्यांकडे, संसदेकडे जातो. त्या रस्त्याने जायला माणूस लागतो, कागद लागतात, चिकाटी लागते, आणि एकटी दुकटी मुलगी ड्युटी सांभाळून हे करू शकत नाही. त्यासाठी संघटना.

अर्थात निर्देश निघाला तरी पेढे वाटण्यासारखं नव्हतं. थोड्याच दिवसांत खुलासा आला की नोकरी ५८ पर्यंत, पण विमानात उडायचं ४५ पर्यंतच, नंतर जमिनीवरचं काम. पुढे उड्डाणाची मर्यादा ५० झाली. सरकारी निर्देश आणि त्याचा खुलासा यातला फरक आपल्या शिक्षकांना वेगळा सांगायला नको! शासन निर्णय निघतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो आणि शुद्धिपत्रक आलं की डोक्याला हात लावतो.

आता युनियनची दुसरी बाजू, कारण ती लपवून लेख लिहिला तर तो प्रचार होईल. एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन ही मोठी संघटना, तिच्यात पुरुष आणि बायका दोघेही. बायकांच्या एका गटाला वाटलं की इथे आपलं ऐकलं जात नाही, म्हणून त्यांनी एअर होस्टेसची वेगळी संघटना काढली. बायकांनी ५० ला उड्डाण थांबवावं आणि पुरुषांनी ५८ पर्यंत उडावं, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये भेदभावाचं ठरवलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? कंपनीच्या बरोबरीने केबिन क्रू असोसिएशनसुद्धा! जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनियनशी झालेले करार ग्राह्य धरून उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. हेही खरं की सगळ्या बायकांचं मत एक नव्हतं. अनेकींना पन्नाशीनंतर रात्री-अपरात्रीचं उड्डाण नकोच होतं, तर बढती मिळालेल्यांना ते हवं होतं. तरी "पुरुषाला सक्ती नाही आणि बाईला सक्ती" याचं समाधानकारक उत्तर मला त्यात सापडत नाही. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं, एवढी मोकळीक दोघांनाही देता आली असती.

२००५ च्या अखेरीस एअर इंडियाने विमानातल्या मुख्य पर्यवेक्षकाचं पद बायकांनाही खुलं केलं, तेव्हा पुरुष कर्मचारी कोर्टात गेले. बाईच्या हाताखाली काम करायला लागू नये म्हणून चाललेला तो वाद सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर २०११ मध्ये संपला, बायकांच्या बाजूने. नीरजा भनोत विमानातल्या प्रमुख क्रू सदस्य होत्या आणि त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

म्हणून मुलींना मी नुसतं "युनियनमध्ये जा" असं सांगणार नाही. युनियनमध्ये जा आणि तिथे खुर्चीवर बस, असं सांगेन. करार कोण करतं, त्या टेबलाशी किती बायका असतात, मतदान होतं का, हे विचारायला शिकवेन.

इथे बरेच पालक म्हणतील, "संघटनेने पगाराचं बघावं, राजकारणात कशाला पडावं?" प्रामाणिक प्रश्न आहे. पण आपल्या कायद्याने त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिलंय. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीकृत संघटनेला राजकीय कामासाठी वेगळा निधी उभा करण्याची मुभा दिली. मात्र अट अशी, की तो निधी संघटनेच्या साध्या निधीपासून वेगळा ठेवायचा, त्यात वर्गणी देण्याची सक्ती कोणावर करायची नाही, आणि जो देणार नाही त्याला संघटनेत दुय्यम वागणूक द्यायची नाही. किती शहाणी तरतूद आहे! राजकारण करा, पण उघड करा, आणि ज्याला नको त्याला जबरदस्ती नको. असा कायदा हवा म्हणून १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडणारे ना. म. जोशी हे आपले मराठी माणूस, हे वर्गात आवर्जून सांगावं. दहावीच्या राज्यशास्त्रात "सामाजिक व राजकीय चळवळी" हा पाठ आहेच, कामगार चळवळीच्या परिच्छेदाला हे जोडून घेता येतं.

आणि शिक्षकांनी तरी "राजकारण नको" कोणत्या तोंडाने म्हणावं? विधान परिषदेत शिक्षकांसाठी वेगळे मतदारसंघ आहेत, महाराष्ट्रात सात. आपण बुलडाणा जिल्ह्यातले शिक्षक अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघात मत देतो. घटनेने आपल्याला सभागृहात स्वतःचा आमदार दिलाय. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्यात आपल्यातले कितीतरी जण होते. पेन्शन हा निव्वळ राजकीय निर्णय आहे, तो कोणत्याही मुख्याध्यापकाच्या हातात नाही. विमानातल्या मुलींना सभागृहात असा राखीव माणूस नाही. त्यांना दुसऱ्याच्या दारात उभं राहून आपलं म्हणणं मांडावं लागतं, म्हणून त्यांची संघटना जास्त जागरूक असावी लागते.

पालकांच्या मनातली दुसरी भीती मला माहीत आहे: संप. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत ताणला गेला. खेड्यातून शाळेत येणाऱ्या पोरांचे, विशेषतः पोरींचे, जे हाल झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्या कर्मचाऱ्यांचा पगार तुटपुंजा होता हे खरं, आणि पोरींची शाळा बुडाली हेही खरं. संघटना चुकू शकते, फार ताणू शकते. पण म्हणून संघटना नको, हे म्हणणं मला पटत नाही.

विमानातलं ताजं उदाहरण मे २०२४ चं. एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूपैकी खूप जणांनी एकाच वेळी आजारी असल्याचं कळवलं आणि शंभराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. कंपनीने सुमारे २५ जणांना काढून टाकलं. त्यांची युनियन भारतीय मजदूर संघाशी जोडलेली. दुसऱ्याच दिवशी, ९ मे ला, दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं आणि क्रू कामावर आला. युनियन नसती तर ते २५ जण एकेकटे ई-मेल करत बसले असते. तरीही सामूहिक आजारपणाचा मार्ग मला आवडला नाही. त्यात अचानक अडकलेल्या प्रवाशाचा काय दोष? रीतसर नोटीस देऊन उघड संप करावा. शिवाय २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संपच धरला जातो. म्हणजे ही पळवाट पुढे तशी राहिलेली नाही, हे नव्या मुलींना माहीत हवं.

संप न करता काय मिळवता येतं, यासाठी अमेरिकेकडे बघू. पूर्वी विमानात सिगारेट ओढायला परवानगी असायची. प्रवाशाला धूम्रपान नसलेल्या भागातली जागा मागता यायची, पण क्रूला तर पूर्ण विमानभर फिरावं लागे, आणि बंद केबिनमधला धूर काही पाटी वाचून थांबत नाही. तिथल्या फ्लाइट अटेंडंट्सच्या संघटनांनी वर्षानुवर्षं खासदारांच्या मागे लागून, समित्यांसमोर साक्षी देऊन हा विषय लावून धरला. १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत बंदी आली आणि १९९० मध्ये जवळपास सगळ्याच देशांतर्गत उड्डाणांत. फायदा कोणाला झाला? प्रत्येक प्रवाशाला, लहान लेकरांना. तसंच विश्रांतीचं. दोन ड्युटींमध्ये तिथे नऊ तास विश्रांती होती आणि ती आठपर्यंत खाली आणता येत होती. त्या आठ तासांत विमानतळावरून हॉटेलला जाणं, जेवण, झोप आणि परत येणं! संघटनांनी पाठपुरावा केला, २०१८ मध्ये संसदेने दहा तासांचा कायदा केला. तरी प्रत्यक्ष नियम निघायला २०२२ उजाडलं, आणि ती चार वर्षंही संघटना मागे लागूनच होती. झोप न झालेली क्रू मेंबर ९० सेकंदांत दार कसं उघडेल, हा प्रश्न चिखलीहून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजीसाठीही तेवढाच खरा आहे.

आपल्याकडे आता एअर इंडिया २०२२ पासून टाटांकडे आहे. म्हणजे १९८९ सारखा एका कायद्याखाली कंपनीला थेट निर्देश देण्याचा मार्ग आज उरलेला नाही. खासगी कंपनीला नियम लावायचा तर तो सगळ्या विमान कंपन्यांसाठी सारखा असा, नागरी उड्डाण महासंचालनालयाकडून किंवा संसदेकडून आणावा लागतो. एका कंपनीतल्या संघटनेची ताकद त्याला पुरणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांतल्या मुलींनी एकत्र यावं लागेल, आणि करारावर, ठरावीक मुदतीवर घेतलेल्या मुली आधीच घाबरलेल्या असतात. माझ्या मते पुढचा खरा प्रश्न हा आहे आणि त्याचं तयार उत्तर कोणाकडेच दिसत नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? वर्गात हा निबंध पुन्हा देताना मी विषय थोडा बदलणार आहे: "मी विमानात काम करते आणि मला एक नियम बदलायचा आहे. मी कोणाकडे जाईन?" अर्ज लेखनाचा सरावही होईल, आणि खासदार, मंत्री, कामगार आयुक्त, न्यायालय यांच्यातला फरक गाईडमधून पाठ न करता कळेल. आठवी-नववीच्या शिक्षकांनी करून बघावं, एसटी वाहक किंवा अंगणवाडी ताई घेऊनही चालेल.

आणि पालकहो, अकॅडमीत फी भरायला जाल तेव्हा समोरच्या सरांना एवढं विचारा: तुमच्याकडून नोकरीला लागलेल्या मुलींची नेमणूक कायम आहे की करारावर? करार किती वर्षांचा? मधे सोडला तर पैसे भरावे लागतात का? बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनंतर त्यांना परत उड्डाणावर घेतात का? त्या कंपनीत कर्मचाऱ्यांची संघटना आहे का? उत्तरं वहीत लिहून घ्या. मुलीला सोबत न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.